खाकीचा खांदा वाचताना

महाराष्ट्र पोलिसांच्या वर्दीवर तीन तारे दिसले, तरी समोरचा अधिकारी कोण हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. खांद्यावरच्या पट्टीच्या बाहेरच्या टोकाला एक अरुंद फीत असते, ती पाहावी लागते. फीत लाल-निळी असेल तर तो पोलीस निरीक्षक. नुसती लाल असेल तर सहायक पोलीस निरीक्षक, म्हणजे आपल्या बोलण्यातला एपीआय. आणि फीत मुळीच नसेल, तीन तारे तेवढे असतील, तर तो शहरात सहायक पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात पोलीस उपअधीक्षक. बोटभर रुंदीच्या त्या कापडावर बरंच काही अवलंबून असतं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम सांगतात की, या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाच्या हुद्द्याखालच्या अधिकाऱ्याने करू नये. म्हणजे फिर्यादीच्या दारात तपासाला तीन तारे आले आणि पट्टीच्या टोकाला फीत दिसली, तर फिर्यादीला विचारता येतं की, साहेब, या गुन्ह्याचे तपास अधिकारी नेमके कोण? दीक्षाभूमीच्या या नागपूर शहरात हा प्रश्न पुस्तकी नाही. असा प्रश्न विचारता न आल्यामुळे माणसं न्यायाला मुकलेली आहेत.

खांदा वाचणं म्हणजे काय, ते एवढ्यावरून लक्षात यावं. वर्दी हा कपडा आहे, तसाच तो मजकूरही आहे. शिपायाचा बक्कल नंबर, हवालदाराच्या बाहीवरच्या तीन फिती, फौजदाराचे दोन तारे, अधीक्षकाच्या खांद्यावरचा अशोकस्तंभ आणि तारा, महानिरीक्षकाची तलवार आणि बॅटनची फुली, खिशावरची नावाची पट्टी. हा सगळा मजकूर आपल्यासाठी, रस्त्यावरच्या माणसासाठी, लिहिलेला असतो. खात्यातल्या लोकांना एकमेकांची ओळख पटायला एवढ्या खुणा लागत नाहीत. ते चालण्यावरून आणि आवाजावरून ओळखतात.

टीव्हीच्या मालिकांमध्ये हा मजकूर गेली कित्येक वर्षं चुकीचा छापला जातो आहे. दोन ताऱ्यांच्या अधिकाऱ्याला सगळे बिनदिक्कत ‘इन्स्पेक्टर साहेब’ म्हणतात. फीत कधी उलटी लागते, कधी लागतच नाही. शिपायाच्या अंगावर नंबर नसतो, अधिकाऱ्याच्या खिशावर नाव नसतं, आणि असलं तरी कॅमेरा ते वाचता येईल इतका वेळ तिथे थांबत नाही. परीक्षा पास झालेली नायिका पुढच्या काही भागांत आपल्याच गावच्या ठाण्यात आयपीएस अधिकारी म्हणून रुजू होते. मसुरीचा पायाभूत अभ्यासक्रम, हैदराबादची राष्ट्रीय पोलीस अकादमी, मग जिल्ह्यातलं प्रशिक्षण, हा सगळा काळ जाहिरातींच्या मधल्या वेळात उरकला जातो.

विदर्भात बसून या मालिका पाहिल्या की आणखी एक गोष्ट खटकते. आपल्याकडे ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात. नागपूरच्या वर्तमानपत्रांत रोज हा शब्द असतो, चहाच्या टपरीवर असतो, पण मुंबईत लिहिल्या जाणाऱ्या मालिकांतलं विदर्भातलं गाव तो ओळखत नाही. तसंच आयुक्तालय आणि जिल्हा यांतला फरक. सीताबर्डी, धंतोली, जरीपटका ही ठाणी पोलीस आयुक्तांच्या हाताखाली. रामटेक, काटोल, उमरेड, सावनेर नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांच्या. रामटेकला सहायक पोलीस आयुक्त कधीच नसतो, तिथे उपविभागीय पोलीस अधिकारी असतो. मालिकेत मात्र कुठल्याही खेड्यात एसीपीची गाडी येऊन उभी राहते. कोणत्या साहेबाकडे दाद मागायची, अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या एसटीच्या फेऱ्या वाढतात. खेड्यातल्या माणसाला हे टीव्हीने शिकवावं अशी अपेक्षा नाही, पण जे आहे ते त्याने पुसू नये, एवढं तरी मागता येतं.

चुका का होतात हे समजण्यासारखं आहे. रोजची मालिका जवळजवळ रोज एक भाग या वेगाने तयार होते. खाकी कपडे भाड्याने येतात, आज या सेटवर आणि उद्या दुसऱ्या. कपडेपटातल्या मुलाच्या हातात तारे, बिल्ले, पट्टे एकाच डब्यात असतात आणि शॉट लागलेला असतो. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. जाब विचारायचा तो लेखकाला, दिग्दर्शकाला आणि वाहिनीला, कारण खर्च जवळपास शून्य आहे. निवृत्त हवालदार कुठल्याही शहरात मिळतो. त्याला एक दिवस सेटवर बसवलं तर वर्षभराच्या चुका टळतील. सैन्याच्या बाबतीत संरक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये पत्र पाठवून कळवलं होतं की, लष्करावरचे चित्रपट आणि वेबमालिका दाखवण्याआधी मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घेतलं जावं. पोलिसांसाठी अशी सक्ती यावी असं मला मुळीच वाटत नाही. ज्या खात्यावर टीका करायची त्याच्याच परवानगीने कथा लिहायची, तर ती कथा राहत नाही. पण परवानगी आणि माहिती या वेगळ्या गोष्टी आहेत. फीत कोणत्या रंगाची हे विचारायला कोणाची ना-हरकत लागत नाही.

जुन्या दूरदर्शनवर हे काम मन लावून झालेलं आहे. १९८९ मध्ये आलेली ‘उडान’ कविता चौधरी यांनी आपल्या बहिणीच्या आयुष्यावर लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात मुख्य भूमिकाही केली. त्या बहिणीचं, कांचन चौधरी भट्टाचार्य यांचं, पुढचं कर्तृत्व सर्वांना माहीत आहे. २००४ मध्ये त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला महासंचालक. ‘उडान’मध्ये वर्दी अंगावर चढण्याआधीचा सगळा घाम दिसतो, म्हणून वर्दी अंगावर आली की तिचं वजन कळतं. त्याआधी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ आला होता. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. ओम पुरींचा अनंत वेलणकर सब-इन्स्पेक्टर आहे, आणि तो सब-इन्स्पेक्टर आहे हेच त्या चित्रपटाचं दुःख आहे. त्याच्या वर किती माणसं आहेत, त्याच्या हातात नेमकं काय नाही, हे प्रेक्षकाला प्रत्येक प्रसंगात जाणवतं. त्याला सोयीसाठी दोन हुद्दे वर चढवला असता तर अख्खी गोष्ट कोसळली असती. हुद्द्याची अचूकता ही कपडेपटाच्या बरीच पलीकडची गोष्ट आहे, ती कथेच्या हाडांत असते.

मग ‘सीआयडी’ आली. जानेवारी १९९८ पासून ऑक्टोबर २०१८ पर्यंत वीस वर्षं चाललेली, पुन्हा २०२४ च्या शेवटी सुरू झालेली. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न घराघरात पोहोचला, आणि त्या प्रेमाला मी कमी लेखत नाही. एका मराठी नटाने देशभरच्या मुलांच्या मनात पोलीस म्हटलं की विचार करणारा माणूस उभा केला, ही मोठी गोष्ट आहे. पण महाराष्ट्राचं खरं गुन्हे अन्वेषण खातं पुण्यात मुख्यालय असलेलं, अपर पोलीस महासंचालकाच्या हाताखालचं खातं आहे, आणि एसीपी हे आयुक्तालयातलं पद. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या मालिकेतले अधिकारी साध्या वेशात. खांद्यावर काही नाही, खिशावर नाव नाही. ओळखपत्र उघडून नाकासमोर क्षणभर धरलं की दार उघडतं. वीस वर्षं एका पिढीने हे पाहिलं, आणि ओळखपत्र वाचायचं नसतं, पाहून मागे सरायचं असतं, हे त्या पिढीच्या अंगवळणी पडलं. मालिकेचा हेतू तसा नव्हता. पण सवय हेतू विचारून लागत नाही.

त्या सवयीची किंमत आता रुपयांत मोजली जाते आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या एका नामवंत वस्त्रोद्योगपतीला, वय वर्षं ब्याऐंशी, व्हिडिओ कॉलवर भामट्यांकडून ‘डिजिटल अटक’ करण्यात आली आणि सात कोटी रुपये काढून घेण्यात आले. त्यांच्यासमोर चक्क सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी उभी करण्यात आली. सरन्यायाधीशांचं नाव घेतलेला माणूस नीट दिसत नव्हता, पण बोलताना ऐकू येत होता आणि हातोडा टेबलावर आपटण्याचा आवाज येत होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. शिक्क्यांसह आदेशही आला. त्यातले पाच कोटींहून अधिक पोलिसांनी परत मिळवले, हा त्यातला दिलासा.

मी त्या हातोड्यापाशी थांबतो. भारतातल्या न्यायालयात हातोडा नसतो. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन पाहा, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पाहा, दिल्लीत पाहा. न्यायाधीशांच्या टेबलावर फायली असतात, पेन असतात, हल्ली संगणक असतो. ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणत हातोडा आपटणारा न्यायाधीश आपल्याकडे फक्त सिनेमात आणि मालिकेत असतो. गीतेवर हात ठेवून घेतलेली शपथही तशीच. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदार शपथ घेतो किंवा प्रतिज्ञा करतो, त्यासाठी कापडात गुंडाळलेला ग्रंथ फिरवला जात नाही. म्हणजे त्या भामट्यांनी न्यायालयाची नक्कल केलीच नव्हती. त्यांनी पडद्यावरच्या न्यायालयाची नक्कल केली, कारण समोरच्याच्या मनात तेच न्यायालय होतं. खरं न्यायालय उभं केलं असतं, फायलींचे गठ्ठे आणि पुढची तारीख, तर कदाचित त्यांच्यावर विश्वास बसला नसता. देशातला एक यशस्वी, जगाचा अनुभव असलेला माणूस एका लाकडी हातोड्याच्या आवाजाला फसला, आणि तो हातोडा तिथे कपडेपटातून आला होता. मालिकेतली वस्तू खोटी असली तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही.

पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या फसवणुकीवर सविस्तर सांगितलं, आणि कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही हे स्पष्ट केलं. तरी असे कॉल येतात. खाकी शर्ट, मागे अशोकस्तंभ, बाजूला झेंडा. निवृत्त शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेले अधिकारी, मुलं परदेशात असलेली एकटी जोडपी, सगळे अडकतात. ही अडाणी माणसं नव्हेत. त्यांनी आयुष्यभर कायदा पाळला, म्हणूनच त्यांना खाकीची भीती वाटते, आणि पोलिसाला जवळून पाहण्याची वेळ न आल्यामुळे त्यांना ठाऊक असलेला पोलीस टीव्हीवरचाच असतो.

यावर एक आक्षेप विचार करण्यासारखा आहे. मालिकेत वर्दी तंतोतंत दाखवली तर तोतयांना आयता नमुना मिळेल, मग चूक असलेलीच बरी नाही का? राजचिन्हाच्या गैरवापराला आळा घालणारा २००५ चा कायदाही आहे, म्हणून निर्मात्याने जरा जपूनच राहावं, असंही कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. तोतयाला नमुना हवा असेल तर तो त्याला कुठेही मिळतो, पोलीस रस्त्यावर उभेच असतात. तोतयाचं भांडवल त्याच्या वर्दीच्या अचूकतेत नसतं, आपल्या नजरेच्या ढिलाईत असतं. ज्याला फीत वाचता येते त्याच्यापुढे तोतयाला फार कष्ट घ्यावे लागतात. ज्याला रंग तेवढा दिसतो त्याच्यापुढे कुठलाही खाकी शर्ट चालतो. कायद्यानेही नट आणि तोतया यांत फरक केलेलाच आहे. लोकसेवकाचा पोशाख किंवा खूण वापरणं हा गुन्हा ठरतो तो लोकांचा तसा समज व्हावा या हेतूने वापरली तर. जुन्या दंडसंहितेच्या कलम १७१ मध्ये त्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ मध्ये तो पाच हजारांपर्यंत गेला. नटाला भिण्याचं कारण नाही.

बिल्ला अचूक असावा, हे आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलेलं आहे. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात न्यायालयाने अटकेबाबत जे नियम घालून दिले, त्यातला पहिलाच असा की, अटक करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या पोलिसांच्या अंगावर अचूक, दिसेल अशी आणि स्पष्ट ओळख असावी, नाव आणि हुद्दा असावा. पुढे हा नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत आला आणि आज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. कोठडीतल्या मृत्यूंचा विचार करता करता न्यायाधीश नावाच्या पट्टीपाशी का आले असतील? कारण ज्याचं नाव वाचता येतं त्याला उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावता येतं. रात्री दारात आलेल्या चार जणांत कोण कोण होते, हे सांगता आलं नाही तर सगळी तक्रार हवेत जाते. खिशावरची ती दोन-तीन इंचांची पट्टी हा नागरिकाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जवळचा हक्क आहे. मालिकेतला पोलीस ती लावत नाही, आणि पाहणाऱ्याला तिची उणीव जाणवत नाही, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

नागपूरने हे फार जवळून पाहिलं आहे. जून १९९३ मध्ये या शहरात पोलिसांच्या ताब्यात एका माणसाचा मारहाणीने मृत्यू झाला. ते प्रकरण दोन वाटांनी पुढे गेलं. फौजदारी खटला पंचवीस वर्षं चालला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षं केली. दुसरी वाट याचिकेची. तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयाने निर्देश दिला की, महिला पोलिसाच्या उपस्थितीशिवाय आणि सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी कोणत्याही स्त्रीला अटक करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो निर्देश थोडा सैल केला, पण २००५ च्या दुरुस्तीने तो विचार कायद्यात आला. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याला दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. देशभरच्या बायकांना मिळालेल्या या संरक्षणाच्या मुळाशी नागपूरची एक रात्र आहे, आणि नागपुरातही हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आता संध्याकाळच्या मालिका आठवा. सुनेला मध्यरात्री घरातून नेतात, हातात बेड्या घालून, पुरुष अधिकारी दंडाला धरून. बेड्यांबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ल खटल्यात सरसकट बेड्या घालणं घटनेला धरून नाही असं सांगितलं. नव्या संहितेने काही गंभीर गुन्ह्यांत आणि सराईत आरोपींबाबत मुभा दिली आहे, तरी हुंड्याच्या खोट्या आरोपात अडकलेल्या मालिकेतल्या सासूला ती लागू होत नाही. घरी बसून हे पाहणारी बाई उद्या तिच्या दारात रात्री कोणी आलं तर विरोध करणार नाही, कारण तिने हे असंच होतं म्हणून हजारदा पाहिलेलं आहे.

वर्दीचं वजन किती असतं, हे सांगताना विदर्भातलंच आणखी एक नाव टाळता येत नाही. देसाईगंज, म्हणजे वडसा. २६ मार्च १९७२ ला तिथल्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी एक हवालदार आणि एक शिपाई. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडलं, कारण तिने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नव्हत्या. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ठाण्याच्या चार भिंतींत, दार लावलेलं असताना, समोर वर्दी असेल तर गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, एवढी साधी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात यायला एका मुलीचं आयुष्य खर्ची पडलं. खाकीला वेशभूषा म्हणून हाताळणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

आणि तेच वडसा झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र आहे. दिवाळी संपली की तिथल्या मंडळांचे दौरे सुरू होतात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्रभर नाटकं चालतात. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या नाटकात पोलीस आला तर त्याच्या खांद्यावरची फीत मोजायला मी जाणार नाही. तिथे पेटी-तबला समोर दिसतो, मंडप दिसतो, सकाळी नट त्याच गावात चहा पिताना भेटतो. प्रेक्षक आणि नट यांच्यात ठरलेलं असतं की हे नाटक आहे. दूरचित्रवाणी ते ठरू देत नाही. ती बातम्यांच्याच पडद्यावर, बातम्यांच्याच आकारात येते, आणि वर ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी लावते. जो खरेपणाचा दावा करतो त्याच्यावर खरेपणाचं ओझं येतंच.

नागपूरची सत्य घटना तर दोनदा पडद्यावर आली. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत ठार केल्याचं प्रकरण. २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले. ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट २०२१ मध्ये आला, आणि उमेश कुलकर्णींनी दिग्दर्शित केलेली नेटफ्लिक्सची माहितीपट-मालिका २०२२ मध्ये. वस्तीचा आरोप होता की, तक्रार घेऊन गेलं तर तिची खबर गुंडापर्यंत पोहोचते. अशा कथेत पोलिसाचा हुद्दा, त्याचं नाव, त्याचं ठाणं यांना खलनायकाच्या सुऱ्याइतकंच महत्त्व असतं. ‘पोलीस काही करत नव्हते’ हे वाक्य कोणाला लागत नाही. अमुक हुद्द्याच्या अधिकाऱ्याने अमुक फिर्याद लिहून घेतली नाही, हे वाक्य लागतं, कारण ते तपासता येतं.

परदेशातली एक गोष्ट इथे उपयोगी पडेल. अमेरिकेतली ‘ड्रॅग्नेट’ ही मालिका १९५१ मध्ये टीव्हीवर आली. जॅक वेबचा सार्जंट जो फ्रायडे लॉस एंजेलिस पोलिसांचा ७१४ क्रमांकाचा बिल्ला लावायचा. खात्याने मालिकेला सर्व मदत केली, पटकथाही खात्याच्या नजरेखालून जात. १९८२ मध्ये वेब वारला तेव्हा लॉस एंजेलिस पोलिसांनी तो क्रमांक कायमचा निवृत्त केला. इतकी अचूकता, इतकं प्रेम. पण त्या बदल्यात मालिकेने खात्याचं फक्त भलं सांगितलं. त्याच शहरातल्या काळ्या आणि मेक्सिकन वस्त्यांना ठाऊक असलेले पोलीस त्यात नव्हते. म्हणून माझं म्हणणं मी इथे नेमकं करतो. मला अचूकता हवी ती खात्याच्या मानासाठी नव्हे. बिल्ला खरा आणि वागणं खोटं, ही जोडी तर अधिक घातक, कारण खऱ्या बिल्ल्यामुळे खोटं वागणंही खरं वाटतं. अचूकता हवी ती पाहणाऱ्यासाठी, त्याला खांदा वाचता यावा, नाव विचारता यावं, हुद्दा आणि अधिकार यांचा मेळ घालता यावा म्हणून. भ्रष्ट ठाणेदार खुशाल दाखवा, पण तो ठाणेदारच दाखवा. त्याच्या टेबलाबाहेर ठाणे अंमलदार बसलेला दाखवा, स्टेशन डायरी दाखवा, फिर्यादीची प्रत फुकट मिळते हे एखाद्या पात्राच्या तोंडून येऊ द्या. कथेचा वेग त्याने कमी होत नाही. ‘अर्धसत्य’ पाहताना कोणाला कंटाळा आला नव्हता.

२ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला, म्हणून दरवर्षी त्या दिवसापासून रेझिंग डे सप्ताह होतो. शाळांची मुलं ठाण्यांत येतात, टेबलावर मांडलेली शस्त्रं पाहतात, रायफल हातात घेण्याची त्यांची धडपड चालते. नागपूरच्या ठाणेदारांना माझी विनंती आहे की, त्या टेबलाशेजारी एक फलक लावा. शिपायापासून महासंचालकापर्यंत सगळे खांदे, फितीच्या रंगांसह, आणि खाली कलम ३६ सोप्या मराठीत. मुलांना रायफलपेक्षा ते जास्त दिवस पुरेल. मालिका लिहिणाऱ्यांना विनंती आहे की, पुढच्या भागात खाकी लिहाल तेव्हा हुद्दाही लिहा, आणि पात्राच्या खिशावरचं नाव वाचता येईल इतका वेळ कॅमेऱ्याला द्या. आणि वाचकहो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आज एवढं सांगून ठेवा: दारात वर्दी आली तर आधी खांदा पाहायचा, मग खिशावरचं नाव वाचायचं, नसेल तर विचारायचं, यात उद्धटपणा नाही, कायद्यानेच तशी सोय केलेली आहे. फोनच्या पडद्यावर वर्दी आली तर काहीच वाचत बसायचं नाही. फोन बंद करायचा, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० हा क्रमांक लावायचा.